हाक परत देणारी खाण

मी एक जुनी दगडाची खाण आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, खाण म्हणजे नुसता खड्डा, खड्ड्याला कसली आलीय जीवनकथा? खरं आहे. खुर्चीची गोष्ट असते, छत्रीची असते. मी तर कुणीतरी सगळं काढून नेल्यावर उरलेली जागा. पण मला आवाज आहे. तुम्ही माझ्या काठावर उभं राहून काही बोललात, की तेच मी बोलते. आज मात्र मी माझं स्वतःचं बोलणार आहे. आणि मी बोलते आहे, ही काही चांगली खूण नाही. का, ते सांगेनच.

चेन्नईच्या दक्षिणेला, पल्लावरमच्या पुढे मी आहे. विमानं माझ्यावरून इतकी खाली उतरतात की त्यांची चाकं दिसतात. फार पूर्वी इथे खड्डा नव्हता, टेकडी होती. टेकडीवर शेळ्या चरत. पायथ्याशी कडुनिंबाखाली हळद लावलेले सात दगड होते. ते सात कन्यांचे, गावाची राखण करणाऱ्या. बायका तिथे लेकरांसाठी नवस बोलत. टेकडी गप्प होती. टेकड्या गप्पच असतात.

मग माणसं आली. त्यांनी हातोडीने माझा दगड वाजवून पाहिला. काळा, किंचित निळसर दगड. घंटेसारखा वाजला. मुकादमाने माझ्या अंगावर हात फिरवला आणि म्हणाला, असा दगड आसपासच्या मुलखात नाही. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! नंतर दररोज दुपारी लाल निशाण वर जाई, शिट्टी वाजे, सगळे आडोशाला पळत आणि माझा एक तुकडा आकाशात उडे. माझी खडी एग्मोरकडे जाणाऱ्या रुळांखाली गेली. गिंडीच्या कारखान्यांच्या पायात गेली. वेस्ट मांबलमला तुमची एखादी मैत्रीण राहत असेल, तर तिच्या घराच्या तळाशीही मी आहे.

टेकडी संपली तरी दगड संपला नव्हता. मग मला खाली कापत नेलं. सरळ, उभ्या भिंती तयार झाल्या. आणि त्या भिंतींबरोबर मला आवाज आला.

तो पहिल्यांदा सापडला एका खडी फोडणाऱ्या बाईला. तिचं लेकरू साडीच्या झोळीतून उठून रांगत निघालं होतं. तिने त्याला हाक मारली. माझ्या भिंतीने तेच नाव परत हाकारलं. सगळ्या बायका थबकल्या, मग हसत सुटल्या. एक जण तमिळमध्ये म्हणाली, "अगं, खाणीला पण तुझं पोर हवंय!" थट्टाच होती ती. त्या बाईने मात्र लेकरू उचललं आणि दिवसभर खाली ठेवलं नाही.

पुढे घरं जवळ आली. सुरुंगाने त्यांच्या भिंतींना तडे जाऊ लागले. लोकांनी तक्रारी केल्या आणि एक दिवस लाल निशाण वर गेलंच नाही. तळाचं पाणी उपसणारे पंप बंद झाले. खालच्या झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी चढू लागलं. हिरवं, शांत पाणी. वरून पाहिलं तर गुडघाभर वाटे. माझ्यात पाय टेकत उतरावं असा उतार नव्हता. काठ संपला की संपला.

माझ्या काठावर राजसबाईंचं घर होतं. त्या तंजावरच्या मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या त्यांच्या घराण्याची मराठी तुमच्या मराठीपेक्षा जुनी, तमिळ सूर लागलेली. एग्मोरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. आवाज असा स्वच्छ की दिल्लीहून बोलणाऱ्यालाही वाटे, बाई शेजारच्या खोलीत आहे. त्यांचे यजमान तुळजाजी गिंडीला एका लहान कारखान्यात होते. त्यांची एकुलती मुलगी विद्युलता नुकती शाळेत जाऊ लागली होती.

विद्युलता माझी पहिली मैत्रीण. मागच्या अंगणात उभी राहून ती मला हाका मारी. ती "इडली!" म्हणे, मी "इडली!" म्हणे. ती हसे, मी हसे.

एका संध्याकाळी राजसबाई कामावरून आल्या, मागच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी लेकीला हाक मारली. विद्युलता तेव्हा घराच्या कुशीला, चिंचेच्या बुंध्याआड खेळत होती. आईचा आवाज तिच्या डोक्यावरून निघून माझ्याकडे आला आणि माझ्या भिंतीवरून तिच्यापर्यंत पोचला. तिला वाटलं, आई त्या बाजूला आहे. "आले, आई!" ती म्हणाली. आणि माझ्याकडे आली. "आले, आई!" मीही म्हणाले. राजसबाईंनी ते ऐकलं. त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

मित्रांनो, मी हाक दिली नव्हती. आईने दिली होती. पण लोक म्हणू लागले, खाण सांजेला मुलांची नावं घेते. नंतर सुट्टीच्या दिवशी पोहायला आलेली आणखीही मुलं माझ्याकडे राहिली. प्रत्येक वेळी अग्निशमन दलाची गाडी येई, माणसं गळ टाकत, काठावर कुणीतरी एक नाव पुन्हा पुन्हा घेत राही आणि मला ते नाव परत परत म्हणावं लागे. हे काम मला सर्वांत कठीण गेलं. धोक्याची पाटी लागली, गंजली, पडली. मग माझ्यात कचरा येऊ लागला. विसर्जनाचे गणपती येत, त्यांचे बांबू मागे उरत. कुणी मला बघायला येईना. यायचे ते फेकायला.

राजसबाई तिथेच राहिल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी कुणालाही नाव घेऊन हाक मारली नाही. नवऱ्याला जेवायला बोलवायचं तर जवळ जाऊन कोपराला हात लावत. भाजीवाला पुढे गेला तर त्याच्यामागे चालत जात. तुळजाजी म्हणत, "आमच्या घरात हाक नाही, टपाल आहे. बायको स्वतः येऊन पोचते." ते हे हसत म्हणत, म्हणून ऐकणारेही हसत. पुढे तुळजाजीही गेले.

मग शहरात एक कोरडा उन्हाळा आला. तलावांच्या तळाला भेगा पडल्या, नळ कोरडे पडले. पाण्याच्या लॉरीमागे बायका रंगीत घागरी घेऊन पळताना मी बघत होते. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की टाकून दिलेल्या खाणीत पाणी आहे. माणसं आली, त्यांनी माझं पाणी बाटलीत भरून नेलं, तपासलं, गाळून पिण्याजोगं आहे म्हणाली. पुढे काही वर्षांनी ठरलं की मला साफ करायचं, वरच्या तलावाचं पावसात वाहून जाणारं पाणी कालव्याने माझ्यात आणायचं आणि साठवायचं. मी जलाशय होणार होते! इतक्या वर्षांनी माझ्याविषयी कुणी चांगलं बोलत होतं.

त्याच सुमाराला राजसबाईंच्या घराशेजारी उभ्या राहिलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, स्वरदा राहायला आली. ती सांगलीकडची, संगणकावर घरूनच काम करणारी. नवरा सिद्धार्थ ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात. मुलगी रेवा, बालवाडीतली. स्वरदा विजेच्या प्लगच्या भोकांना चिकटपट्ट्या लावणारी, पाणी उकळलं की नाही ते पुन्हा विचारणारी आई. सकाळी उठली की फोन बघायच्या आधी ती गॅलरीतून मला बघे. मीही तिला बघे. आम्ही दोघी एकमेकींवर नजर ठेवून होतो.

पहिल्याच आठवड्यात तिने गॅलरीतून खाली खेळणाऱ्या रेवाला हाक मारली. थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली. दारात राजसबाई, धापा टाकत.

"इथून नांव घेऊन हाक मारूं नको, बाळ," त्या म्हणाल्या.

"का हो, मावशी? काय झालं? आत या ना, बसा."

"लेंकरूं तिकडे जातं."

"कुठे?"

"हाक येते तिकडे." एवढं बोलून त्या कठड्याला धरून पुन्हा उतरू लागल्या.

रात्री जेवताना स्वरदाने हे सांगितलं. सिद्धार्थ म्हणाला, "तीन मजले चढून आल्या आणि एवढंच सांगून गेल्या? निदान चहा तरी प्यायचा."

"थट्टा करू नकोस. खालच्या वॉचमनने सगळं सांगितलंय मला. त्यांची मुलगी गेलीय त्या खाणीत."

"अरे बापरे." त्याने हातातला घास ताटात ठेवला. "पण म्हणून खाण हाका मारते? ते भुताचं झालं. घर इतक्या पटकन का मिळालं ते आत्ता कळलं!"

"भूतबीत मला नाही माहीत. कुंपण पाहिजे तिथे. उद्या मी फोन करते."

तिने खरंच फोन केले. इमारतीतल्या बायकांच्या सह्या घेतल्या. कंत्राटदाराने माझ्याभोवती निळे पत्रे लावले. पण हाकेचं तिने मनावर घेतलं नाही. शिकलेली मुलगी. तिला वाटलं, म्हातारीचं दुःख बोलतंय.

मग माझा उपसा सुरू झाला. मोठमोठे पंप दिवसरात्र धडधडत होते. पाणी उतरलं तसं एकेक वर आलं. बांबूचे सांगाडे, टायर, एक अख्खी मोटरसायकल. आणि चपला. किती चपला, पण एकीलाही जोडी नाही. राजसबाई रोज पत्र्याच्या फटीशी येऊन उभ्या राहत. बघत. मग घरी जात.

शेवटी मी रिकामी झाले. आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सिद्धार्थ म्हणाला, "आता पाणीच नाही, आता काय भीती!" वॉचमन म्हणाला, इमारतीतले सगळे म्हणाले. स्वरदासुद्धा कितीतरी दिवसांनी दुपारी डोळे मिटून पडली. मुलांना मागच्या बाजूला खेळायला सोडू लागले. पंपांचे नळ काढायला कामगारांनी एक पत्रा उचकटला होता, तो परत बसवायची कुणाला घाई वाटली नाही.

मित्रांनो, इथेच ते चुकले. पाणी होतं तेव्हा माझ्या भिंती अर्ध्या बुडालेल्या होत्या. आता त्या वरपासून खालपर्यंत उघड्या झाल्या. सुरुंग बंद झाल्यापासून माझा आवाज इतका मोठा कधीच नव्हता. खाली कुणी कुदळ टेकवली तरी ती मी वर इमारतीपर्यंत पोचवत होते. मला ओरडून सांगावंसं वाटे. पण मला स्वतःहून ओरडता येत नाही. तुम्ही बोलल्याशिवाय मी मुकी आहे.

त्या दिवशी ऊन कलत होतं. कामगार घरी गेले होते. रेवा इमारतीच्या मागे, खालच्या मजल्याच्या सज्ज्याखाली बसून वाळूत काड्या खोचत होती. स्वरदा गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला आली. खाली रेवा दिसेना.

"रेवाऽऽ!"

तिचा आवाज सज्ज्यावरून पुढे निघून गेला. माझ्या समोरच्या भिंतीवर आदळला आणि रेवाकडे गेला.

"रेवाऽऽ!" मी म्हणाले.

रेवा उठली. तिने माझ्याकडे पाहिलं. उचकटलेल्या पत्र्याच्या जागेतून पलीकडचं उघडं आकाश दिसत होतं. तिथून आई बोलावत होती.

"आले गं, आई!" ती म्हणाली आणि चालू लागली.

वरून स्वरदाला ती आता दिसली. लाल फ्रॉक, पाठमोरी, पत्र्याच्या दिशेने. "रेवा! तिकडे नाही! रेवा, थांब! रेवा!" हाकांवर हाका आदळल्या आणि रेवापर्यंत पोचलं ते फक्त तिचं नाव. ती जितकी ओरडे तितकी मी ओरडे, आणि जितकी मी ओरडे तितकी रेवा भरभर चाले. आई बोलावतेय, इतक्यांदा बोलावतेय, म्हणून ती पळू लागली. ती आज्ञाधारक मुलगी होती.

तेव्हा राजसबाई मागच्या दारातून बाहेर आल्या. त्यांनी सगळं एका नजरेत पाहिलं. त्या रेवामागे धावल्या नाहीत, आधी वळल्या. वर गॅलरीकडे तोंड करून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसरा हात जोरजोरात हलवला. त्यांचे ओठ हलत होते. आवाज न करता त्या म्हणत होत्या, उगी राहा. उगी राहा.

आपलं मूल कड्याकडे पळतंय आणि आईने गप्प राहायचं! स्वरदाच्या घशात पुढची हाक तयार होती. मला ती दिसत होती. मी वाट पाहत होते, कारण ती निघाली असती तर मला ती परत द्यावीच लागली असती. स्वरदाने राजसबाईंच्या त्या बोटाकडे पाहिलं. आणि हातातला टॉवेल तिने तोंडात कोंबला. दोन्ही हातांनी दाबून धरला. मग वळून जिन्याकडे पळाली.

सगळीकडे शांतता झाली. मीही शांत झाले.

रेवा पत्र्याच्या जागेतून आत आली होती. अजून काही पावलं, आणि मग माझा काठ. पण हाक थांबली होती. कुठे जायचं ते तिला कळेना. ती उभी राहिली. वाऱ्याने तिचा फ्रॉक हलत होता. तिने खाली पाहिलं आणि हळूच विचारलं, "आई?"

"आई?" मी म्हणाले.

मागून येणाऱ्या राजसबाईंनी ते ऐकलं. माझ्या पोटातून, खोलातून, एका लहान मुलीचा आवाज आला होता. त्या थांबल्या. मित्रांनो, तो आवाज रेवाचाच होता. माझ्याकडे दुसरा कुणाचा आवाज साठवलेला नाही, मला कितीही वाटलं तरी. पण राजसबाईंचा चेहरा माझ्याकडे वळला. इतकी वर्षं त्या ज्या आवाजाची वाट पाहत होत्या, तो आला होता. एक पाऊल त्या माझ्याकडे आल्या. रेवाच्या दिशेने नाही, माझ्या.

त्या क्षणी मला काहीच करता येत नव्हतं. फक्त गप्प राहता येत होतं. आणि तेही रेवा गप्प होती म्हणून.

मग राजसबाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि त्या लाल फ्रॉककडे गेल्या. हाक न मारता, पायही न वाजवता. मागून त्यांनी रेवाच्या कोपराला हात लावला. जसा त्या सगळ्यांना लावत तसा. मग घट्ट धरला.

स्वरदा आली तेव्हा तिच्या पायात चपला नव्हत्या. तिने रेवाला उचललं आणि तिथेच पत्र्याबाहेर मातीत बसली.

"मी तिला बोलावत होते," ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली. "मावशी, मी बोलावत होते आणि ती लांब जात होती."

"हाव," राजसबाई म्हणाल्या. रेवाच्या फ्रॉकवरची वाळू झटकत त्या पुढे म्हणाल्या, "माझ्या लेंकीची चूक नव्हती. माझीही नव्हती. आतां तुझीही नाही."

रेवाने आईच्या खांद्यावरून मान वर काढली. "पाटी, तिथे एक मुलगी आहे. ती पण आई म्हणाली." तमिळ मुलं आजीला म्हणतात तसं ती राजसबाईंना पाटी म्हणे.

"सरि, कण्णा. बरं, बाळा," राजसबाई म्हणाल्या. "ठाऊक आहे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरदाने प्लॅस्टिकची खुर्ची आणून त्या उघड्या जागेत ठेवली आणि त्यावर बसली. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "नाळैक्कु, मॅडम, नाळैक्कु." म्हणजे उद्या. स्वरदाला तमिळ फार येत नव्हतं, पण 'आत्ता' हा शब्द येत होता. "इप्पो," ती म्हणाली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. ऑफिसची मीटिंग तिने तिथूनच केली. तिकडून कुणीतरी विचारलं, मागे एवढा आवाज कसला? "खाण आहे," ती म्हणाली, "तुम्ही बोला." जेवायच्या आत पत्रा बसला. पुढे पत्र्यांच्या जागी उंच भिंत आली. माझा एक काठ कापून रुंद पायऱ्या केल्या, त्यांना फाटक लावलं, कुलूप लावलं.

ऑक्टोबरात पाऊस लागला. वरच्या तलावाचं पाणी कालव्याने माझ्यात उतरू लागलं. दिवसेंदिवस माझ्या भिंती बुडत गेल्या आणि माझा आवाज बारीक होत गेला. कावळ्याची काव काव मी आधी पूर्ण परत देई, मग अर्धी, मग नुसतं काहीतरी. माझं पाणी गाळून, शुद्ध होऊन घराघरात जाऊ लागलं. रेवा पेला तोंडाला लावते तेव्हा मी तिथेही असते.

कार्तिगै दीपमच्या, म्हणजे तमिळ लोकांच्या दिव्यांच्या सणाच्या संध्याकाळी माझं फाटक उघडलं. आसपासच्या बायकांनी पायऱ्यांवर पणत्या लावल्या. मी काठोकाठ भरले होते, इतकी की शेवटच्या पायरीवरच्या पणत्या माझ्यात पुन्हा दिसत होत्या. राजसबाई आल्या. एका हाताला स्वरदा, दुसऱ्या हाताला रेवा. त्यांनी पणती ठेवली, पदर सावरला, घसा साफ केला.

मग त्यांनी हाक मारली. टेलिफोनवरच्या त्या जुन्या, स्वच्छ आवाजात.

"विद्युलताऽऽ!"

बायका वळून पाहू लागल्या. नाव पाण्यावरून गेलं. दूरवर गेलं. राजसबाई मान तिरकी करून ऐकत राहिल्या. स्वरदाने रेवाचा हात इतका आवळला की रेवा कुरकुरली.

नाव परत आलं नाही.

"पोचलं," राजसबाई म्हणाल्या, आणि पायऱ्या चढू लागल्या.

मित्रांनो, आता उन्हाळा आहे. माझं पाणी उतरलंय. वरच्या भिंतीची एक काळी पट्टी उघडी पडली आहे, म्हणूनच मी आज तुमच्याशी बोलू शकते. अजून थोडी उतरले तर कावळ्याला उत्तर देऊ लागेन. त्याहून उतरले तर मुलांना. म्हणून माझं एवढं ऐका. घरातला नळ नीट बंद करा. माझ्यात काही टाकू नका. माझ्या फाटकाचं कुलूप तुटलेलं दिसलं तर घरी सांगा, आणि लागेपर्यंत सांगत राहा. तुमच्या धाकट्या भावंडांना लांबून हाका मारू नका. उठा, जवळ जा, हाताला धरून आणा.

आणि मला रिकामी होऊ देऊ नका. रिकामी झाले की मी बोलू लागते.